डोकेदुखी, कळा आणि मी कट केलेला फोन

(नवी मुंबईत तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला 'आरोग्य आणि तंत्रज्ञान' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, बोलतो, पण गरोदर बायकांच्या दुखण्याबद्दल बोलतो. फोनवर दोन सेकंद शांतता. मग हळूच विचारणा झाली, "भाई, त्यासाठी एखाद्या डॉक्टर मॅडमना बोलवू का?" अवश्य बोलवा. मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं, महापेला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. आज मी जे सांगणार आहे ते एका भावाने आणि एका नवऱ्याने उशिरा शिकलेलं आहे. त्यातलं औषधपाण्याचं जे असेल ते आपापल्या डॉक्टरांना विचारूनच करा.

एक गोष्ट मी आल्याआल्याच पाहिली. मुली पुढच्या रांगांत वह्या काढून बसल्यात, मुलं मागे फोन काढून बसलीत. माझं बोलणं मुख्यतः मागच्या रांगांशी आहे, आणि ते फोनपासूनच सुरू होतं.

2017 सालची गोष्ट. माझी धाकटी बहीण पहिलटकरीण होती. तिचं सासर कुर्ल्याला, नवरा कुवेतला. तिकडे सरकारी दवाखान्यात नाव नोंदवताना तिला मोबाईल नंबर विचारला. तिचा स्वतःचा फोन होता, पण तो घरात सगळ्यांच्या हातात फिरायचा, म्हणून तिनं माझा नंबर दिला. भाऊ इंजिनिअर आहे, त्याच्याकडे फोन कायम चालू असतो, हा तिचा हिशोब. तो बरोबरच होता. फोन कायम चालू असायचा. त्यावर आठवड्यातून दोनदा एका अनोळखी नंबरवरून रेकॉर्ड केलेला आवाज यायचा. "नमस्कार" ऐकू आलं की मी फोन कट करायचो. मला वाटायचं कर्जवाले किंवा विमावाले असणार. नंतर तर नंबर ब्लॉकच केला.

सातव्या महिन्यात बहीण बाळंतपणासाठी आमच्याकडे कोपरखैरण्याला आली. जूनचा पहिला पंधरवडा, रमजान चालू. पाऊस आलेला नाही, उकाडा म्हणजे कहर. ती रोजे धरत नव्हती, पण सेहरीला उठायची, इफ्तारीला अम्मीच्या बरोबरीनं चुलीशी उभी राहायची. एके दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं. अम्मी म्हणाली, झोप होत नाही ना. मी म्हटलं, पाणी कमी पितेस. शेजारच्या काकूंनी खोबरेल तेलात कापूर घालून दिला. आम्ही सगळ्यांनी मिळून तिची छान सेवा केली. तेल चोळलं, बाम लावला, खोलीत अंधार केला, आल्याचा चहा दिला. गोळी मात्र द्यायची नाही, यावर सगळ्यांचं एकमत. पोटात बाळ आहे, गोळ्या कशाला, घरगुती उपाय बरे. चेहरा आणि हात सुजलेले दिसत होते, पण गरोदरपणात सूज येतेच, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, भाईजान, ट्यूबलाइटभोवती काजवे चमकल्यासारखं दिसतंय. तेव्हा आम्ही रिक्षा बोलावली. दवाखान्यात रक्तदाब निघाला 170 वर 110. चौतिसावा आठवडा होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, "डोकं कधीपासून दुखतंय?" पाच दिवस. "मग पाच दिवस काय केलंत?" अम्मीनं तेल, बाम, चहा असं सगळं सांगितलं. बाईंनी लिहिता लिहिता वर बघून विचारलं, "अशी डोकेदुखी धोक्याची असते, हे कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?" अम्मी म्हणाली, नाही हो, कुणीच नाही.

तो सांगणारा माझ्या खिशात होता. मी त्याला ब्लॉक केलं होतं.

बहीण वाचली. झटके येऊ नयेत म्हणून तिला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन दिलं आणि त्याच रात्री सिझेरियन झालं. मुलगी पावणेदोन किलोची. अठरा दिवस काचेच्या पेटीत होती. आज ती शाळेत जाते आणि माझ्या लॅपटॉपवर स्टिकर चिकटवते. तरीही अम्मीनं दिलेलं ते "नाही हो, कुणीच नाही" माझ्या कानातून जात नाही.

या आजाराला प्रीएक्लाम्प्सिया म्हणतात. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140 वर 90 किंवा त्याहून वर जातो, बहुतेकदा लघवीतून प्रथिनं जायला लागतात, आणि वेळीच आवरलं नाही तर झटके येऊ शकतात, आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेततं. तो गोळीनं किंवा तेलानं जात नाही, तो उतरतो बाळंतपणानंतरच. तोवर दाब ताब्यात ठेवणं आणि झटके टाळणं हे डॉक्टरांचं काम. मॅग्नेशियम सल्फेट हे काही नवं महागडं औषध नाही. 2002 साली 33 देशांतल्या दहा हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या चाचणीत दिसलं की त्यानं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. म्हणजे औषध आहे आणि ते देणारी माणसंही आहेत. आमचे पाच दिवस घरातच गेले.

आता त्या फोनबद्दल. मुंबईत 2008 साली डॉ. अपर्णा हेगडे यांनी 'आरमान' नावाची संस्था सुरू केली. तिची 'एममित्र' नावाची सेवा 2014 पासून गरोदर बायकांना आणि लहान बाळांच्या आयांना मोफत फोन करते. कल्पना साधी आहे, पण मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. ॲप नाही, स्मार्टफोन लागत नाही, वाचता येण्याची गरज नाही. बाईनं निवडलेल्या भाषेत, निवडलेल्या वेळी, रेकॉर्ड केलेला निरोप येतो, आणि तो तिच्या त्या आठवड्याचाच असतो. गरोदरपणापासून मूल वर्षाचं होईपर्यंत असे एकूण 145 निरोप. माझ्या बहिणीला येणारे फोन नेमके कुठल्या सेवेचे होते हे मी आजही सांगू शकत नाही, कारण मी एकही पूर्ण ऐकला नाही. पण जातकुळी तीच.

अशा सेवेची मोठी अडचण म्हणजे बायका हळूहळू फोन ऐकेनाशा होतात. मग कार्यकर्तीनं स्वतः फोन करून विचारायचं, समजावायचं. पण लाखभर बायका आणि मोजक्या कार्यकर्त्या, तर या आठवड्यात कुणाला फोन करायचा? गूगलच्या संशोधकांनी 'आरमान'बरोबर यावर काम केलं. कोण गळण्याच्या बेतात आहे आणि कुणाला फोन केल्यानं फरक पडेल, याचा अंदाज बांधणारं मॉडेल त्यांनी तयार केलं. तीस सेकंदांहून जास्त ऐकलं तर 'ऐकलं' असं धरायचं. 2021 मध्ये सुमारे 23,000 बायकांवर सात आठवडे त्याची चाचणी झाली, आणि गळतीचं प्रमाण जवळपास तीस टक्क्यांनी कमी झालं. हा शोधनिबंध मी ऑफिसात कॉफी पीत वाचत होतो. त्यातल्या आलेखातली घसरणारी रेघ बघितली आणि कप खाली ठेवला. अशा आलेखात मी असतो, 'न ऐकणारी लाभार्थी' म्हणून. तिकडे मॉडेल हुशार होत जाईल, आणखी होऊ दे, पण फोन जर नवऱ्याच्या, भावाच्या, सासऱ्याच्या खिशात असेल तर शेवटच्या दोन फुटांचं अंतर कुठलंही मॉडेल कापणार नाही. तुमच्या घरात कुणी गरोदर असेल आणि नोंदणीत तुमचा नंबर असेल, तर तो फोन तुमचा नाही. स्पीकरवर टाका आणि तिच्या हातात द्या. कामावर असाल तर घरी येऊन सांगा. लाज वाटत असेल तर निदान तिचा स्वतःचा नंबर नोंदवून द्या.

एवढं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल की हा माणूस घरगुती उपायांच्या विरोधात आहे. मुळीच नाही. गरोदरपणातली बरीचशी दुखणी अशी असतात की त्यांना औषध नको, माणूस हवं.

कंबर धरणं घ्या. पोट पुढे येतं, तोल बदलतो, सांधे सैल होतात, कंबर दुखणारच. रोजचं थोडं चालणं, सांगितलेले व्यायाम आणि शेक यांनी उतार पडतो. शेक म्हणजे गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कमरेला, पोटावर नाही. शेवटच्या महिन्यांत कुशीवर झोपायचं, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी. ही उशी आमच्या घरात फार गाजली, कारण ती माझी होती. हातगुडघे टेकून पाठ वर-खाली करायचा व्यायाम शिकवतात. अम्मी म्हणते, मला सजद्यात कंबर हलकी वाटायची. असेलही. ज्यांना खाली वाकणं जड जातं त्यांनी खुर्चीवर नमाज पढावी, त्यात ओढूनताणून काही करू नये. रात्री पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून पंजा अंगाकडे ओढायचा. हे दुसऱ्यानं केलं तर लवकर सुटतो, आणि तो दुसरा म्हणजे शेजारी घोरणारा नवरा. पण एकच पाय सुजला, गरम लागला, दुखायला लागला, तर चोळायचा नाही. ती रक्ताची गाठ असू शकते. सरळ दवाखाना.

दुखणं कुठलं आहे हे कळल्याशिवाय त्यावर हात फिरवायचा नाही, एवढंच मला म्हणायचंय. न थांबणारी डोकेदुखी, नजरेसमोर अंधारी किंवा चमक, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, तोंडाला आणि हातांना अचानक सूज, यांतलं काहीही असलं तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यायचा. रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, ताप, दिवस भरायच्या आधीच ठरावीक अंतरानं पोट कडक होणं, यांतल्या कशालाही घरगुती उपाय नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. 108 किंवा 102 लावायचा.

आणि 'नैसर्गिक' या शब्दानं फसू नका. कळा लवकर याव्यात म्हणून एरंडेल देतात. त्यानं जुलाब-उलट्या होतात, कधी कळा अनावर होतात. मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळीही तशीच. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची औषधं विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2020 साली दिला. डॉक्टर सहसा पॅरासिटामॉल देतात, तीही विचारूनच घ्यायची. खजुराचं मात्र बरं ऐकायला मिळतं. जॉर्डनमध्ये शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्लेल्या 69 बायकांचा अभ्यास 2011 मध्ये छापून आला, त्यांना कळा आणण्याची औषधं कमी लागली. अभ्यास लहान आहे, त्यावर मी पैज लावणार नाही. मधुमेह नसेल तर खा, चांगलंच आहे. कळांवरचा इलाज समजून मात्र खाऊ नका.

आता कळा. हा शब्द मी तिशीपर्यंत अम्मीसमोर कधी उच्चारला नव्हता.

2021 मध्ये माझी बायको गरोदर होती. वाशीला गरोदर बायकांसाठी वर्ग चालायचे, तिच्याबरोबर मी गेलो. चौदा बायका आणि दोन पुरुष. दुसरा पुरुष दर पाच मिनिटांनी महत्त्वाचा फोन घ्यायला बाहेर जायचा. फिजिओथेरपिस्टनं मला जमिनीवर बसवून शिकवलं की कळ आली की माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर तळहातानं घट्ट दाबून धरायचं, कळ ओसरली की सोडायचं. श्वास तिच्याबरोबर आपण घ्यायचा, तिला नुसतं "श्वास घे, श्वास घे" म्हणायचं नाही. मी सराव केला, वहीत आकृती काढली, कळांची वेळ मोजायला एक छोटा प्रोग्रामही लिहिला. त्याचं कौतुक घरात कुणी केलं नाही.

ऐन वेळी प्रसूतिगृहाच्या दाराशी मला थांबवलं. पुरुषांना आत प्रवेश नाही. आत तीन खाटा, मध्ये पडदा नाही, त्यामुळे इतर बायकांच्या दृष्टीनं ते बरोबरही होतं. सासूबाई आत गेल्या. मी दारातूनच त्यांना घाईघाईत सांगितलं, अम्मीजान, इथे असं दाबायचं, असा तळवा ठेवून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाबा, चार बाळंतपणं केलीत मी म्हसळ्याला. आमची दाई हेच करायची. वर गरम कपड्यानं शेकायची आणि झोपू द्यायची नाही, चालवायची."

मी दाराबाहेरच्या बाकड्यावर बसून यावर बराच विचार केला. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेनं बाळंतपणातल्या काळजीबद्दल 56 शिफारशी काढल्या. बाईला हवं असेल तर वेदना कमी करायला मालीश, गरम शेक, श्वास आणि शरीर सैल सोडण्याच्या पद्धती वापराव्यात, तिला हिंडू-फिरू द्यावं, पाणी आणि खाणं द्यावं, तिच्या पसंतीचं माणूस तिच्याजवळ असू द्यावं. म्हसळ्याच्या दाईला यातलं बहुतेक सगळं येत होतं. तिला येत नव्हता तो रक्तदाब. म्हणून त्या काळाचे गोडवे गाताना जरा थांबायला हवं. सासूबाईंच्या चार बाळंतपणांतलं एक मूल जगलं नाही, हे त्यांनी मला फार नंतर सांगितलं. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, उपचार सुधारले, आणि महाराष्ट्रात लाख जन्मांमागे होणारे माता मृत्यू 2004-06 मधल्या 130 वरून 2018-20 मध्ये 33 वर आले. अशाच एखाद्या आकड्यात माझी बहीण असू शकली असती. दवाखाना सोडायचा नाही, दाईच्या हातातलं जे चांगलं होतं ते दवाखान्यात न्यायचं. आणि ते घेऊन जाणार कोण? जवळचं माणूस. सतरा देशांतल्या पंधरा हजारांहून जास्त बायकांचे अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा दिसलं की बाळंतपणात एक माणूस सतत जवळ असेल, तर वेदनेची औषधं कमी लागतात आणि सिझेरियनही कमी होतात. केंद्र सरकारनं 2016 मध्येच सरकारी दवाखान्यांत असं सोबतीचं माणूस ठेवायला मान्यता दिली आहे. शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली बाई, आणि आडोशाची सोय असेल तिथे नवराही. नाव नोंदवताना विचारा, तुमच्याकडे सोबतीला कोण चालेल? अजून पडदे नसतील तर पडदे मागा. तीन खाटांमध्ये दोन पडदे ही काही अवघड नागरी मागणी नाही, आपण रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी निवेदनं देतोच की.

पाठीतल्या इंजेक्शनबद्दल, म्हणजे एपिड्युरलबद्दल, मला बायकोच्या मैत्रिणी विचारतात. त्याच 56 शिफारशींत तेही आहे. जिला हवं आणि जिथे सोय आहे तिथे तिनं ते घ्यावं. मालीश घेतलेली बाई शूर आणि इंजेक्शन घेतलेली नाजूक, असली मोजमापं बाकड्यावर बसणाऱ्यांनी करू नयेत. आमच्याकडे कळा सोसताना आवाज काढला तर म्हाताऱ्या दटावतात, सबर कर. मी त्यांना सूरह मरियमची आठवण देतो. खजुरीच्या बुंध्याशी आलेल्या मरियमची वेदना कुरआनात झाकलेली नाही, त्या ती बोलून दाखवतात. त्यावर त्यांना दटावणी मिळत नाही. धीर मिळतो, पायाशी पाणी मिळतं, ताजी खजूर मिळते. याहून जास्त धर्मचर्चा माझ्याकडून अपेक्षित नाही.

बायकोला नऊ तास कळा आल्या. सासूबाईंचा हात दुसऱ्या दिवशी उचलत नव्हता. मुलगा झाला. माझ्या प्रोग्राममध्ये फक्त पहिल्या सव्वा तासाची नोंद आहे, कारण पुढे मी दाराबाहेर होतो.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, 2016 पासून. त्यात रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन सगळं बघतात. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे, 2011 पासून. आपल्या तुर्भ्याच्या, घणसोलीच्या वस्त्यांत हे माहीत नसलेली घरं मी स्वतः पाहिली आहेत. ज्यांना काम हवंय त्यांनी इथून सुरुवात करावी. नगर जिल्ह्यात जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्यानं 1970 पासून गावातल्या न शिकलेल्या बायकांना रक्तदाब मोजायला आणि जोखमीची गरोदर बाई ओळखायला शिकवलं. त्यांना जमलं. तुम्ही तर पदवीधर आहात.

मी रक्तदाबाचं यंत्र आणलंय, मागच्या टेबलावर आहे. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. कफ कपड्यावर बांधायचा नाही, उघड्या दंडाला बांधायचा, दंड छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसकट लिहायचे. मागच्या रांगेतल्यांनी आधी यावं. जोड्या करा, एकानं बसायचं, दुसऱ्यानं बांधायचं.